द्रव्य एक, क्षेत्रे दोन

संवत्सरीची संध्याकाळ होती. धर्मापुरीसारख्या गावात जैनांची घरे मोजकीच. त्यामुळे बाजारपेठेतील एका जुन्या वाड्याच्या ओसरीवरच सारे श्रावक-श्राविका प्रतिक्रमणासाठी जमत, आणि प्रतिक्रमण म्हणण्याचा मान गेली चाळीस वर्षे वाड्याचे मालक बाबूजी यांच्याकडे होता. हातात पुस्तक न घेता, डोळे मिटून, एका लयीत ते सारी सूत्रे म्हणत. त्या संध्याकाळी लोगस्स सूत्रात चोवीस तीर्थंकरांची नावे घेत ते तेराव्या विमलनाथांपर्यंत आले आणि थांबले. पुढचे नाव ओठांवर येईना. ओसरीवर क्षणभर निःशब्द शांतता पसरली. मागे बसलेल्या कोणीतरी पुढचा शब्द हलकेच सुचविला, बाबूजींनी तो उचलला आणि सूत्र पूर्ण झाले. तो प्रसंग जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या स्मरणातही राहिला नाही; बाबूजींच्या मनातून मात्र तो गेला नाही.

बाबूजींची स्मरणशक्ती हे त्यांच्या आडत दुकानाचे भांडवलच होते. पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंतचे पाढे त्यांना तोंडपाठ होते. मापाडी वजन उच्चारी आणि मुनीम लिहीपर्यंत बाबूजींच्या मनात हमाली, तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याची पट्टी तयार झालेली असे. कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याने कोणत्या साली किती पोती तूर आणली, हे ते खतावणी न उघडता सांगत. त्या वर्षी मात्र उन्हाळ्यापासूनच काहीतरी बिघडू लागले होते. ओळखीच्या माणसाचे नाव वेळेवर आठवेना. एकदा तर एकाच शेतकऱ्याला दोनदा उचल दिली गेली. तो प्रामाणिक म्हणून परत आला. पायांना मुंग्या येत, चालताना तोल जाईलसे वाटे. बाबूजींनी याची वाच्यता कोठेही केली नाही. ज्याची बुद्धी हीच पत, तो आपली पत घटल्याचे सहजासहजी कबूल करीत नाही.

अशा मनःस्थितीत त्यांच्या मोबाइलवर एक संदेश आला. तो कोणी लिहिला हे ठाऊक नव्हते. पण त्यात इंग्रजी संशोधनाचा हवाला होता, आकडे होते. मेंदूचा पंचवीस टक्के भाग कोलेस्टेरॉलचा बनलेला असतो, मेंदूच्या पेशी परस्परांशी बोलतात त्या कोलेस्टेरॉलच्या आधारे, आणि ते कमी करणाऱ्या गोळ्या मेंदू कोरडा करतात, असा त्याचा मथितार्थ होता. सात वर्षांपूर्वी बाबूजींच्या हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने उघडून तेथे स्टेंट बसविला होता. तेव्हापासून रोज रात्री कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातील एक गोळी त्यांच्या नेमात होती. त्यांना वाटले, दोन आणि दोन चार झाले. चातुर्मास बसला त्या सुमारास त्यांनी ती गोळी बंद केली. घरात कोणाला सांगितले नाही. गोळ्यांच्या पट्ट्या मात्र दर महिन्याला येत राहिल्या आणि दुकानाच्या गल्ल्यातील मागच्या खणात साचत राहिल्या. 'डोक्याला तूप हवे' एवढेच त्यांनी बाईंना सांगितले. बाईंनी बिचाऱ्यांनी भक्तिभावाने फुलक्यावर दुप्पट गावरान तूप घालायला आरंभ केला.

त्यांची नात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती. पर्युषणासाठी ती घरी आली होती. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी खमतखामणा करून झाल्यावर आजोबांनी तिला गल्ल्यातून सुटे पैसे आणायला पाठविले. तिने घाईत मागचा खण ओढला आणि न फोडलेल्या पट्ट्या तिच्या हाती आल्या. ती रागावली नाही. पट्ट्या घेऊन गादीवर आजोबांशेजारी येऊन बसली.

"दादाजी, या गोळ्या तुम्ही कधीपासून सोडल्या?"

बाबूजींनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "वाच बेटा. मेंदूचाच माल आहे तो. आवक बंद केली तर गोदाम रिकामे होणार नाही तर काय?"

नातीने संदेश दोनदा वाचला. त्यातले सारे खोटे असते तर उत्तर देणे सोपे गेले असते. परंतु त्यात बरेचसे खरे होते, आणि म्हणूनच तो घातक होता.

पहिला दोष आकड्याच्या मांडणीतच होता. कोलेस्टेरॉल मेंदूच्या पंचवीस टक्के नसते. शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे पाव हिस्सा मेंदूत असतो. टक्केवारी कशाची, हे न पाहता आकडा उचलला की काय होते, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नसते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, म्हणजे सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान. प्रौढ माणसाच्या शरीरातील सुमारे दीडशे ग्रॅम कोलेस्टेरॉलपैकी तीस-पस्तीस ग्रॅम तेथे साठलेले असते. एवढ्याशा जागेत एवढा साठा निसर्गाने उगीच ठेवलेला नाही. येथवर संदेशाचे म्हणणे योग्य दिशेनेच होते.

कोलेस्टेरॉल हा शब्दच मुळात बदनाम होऊन जन्माला आला. अठराव्या शतकात तो पदार्थ प्रथम आढळला पित्ताशयातील खड्यांत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी त्याला नाव दिले, तेही ग्रीक भाषेतील पित्त आणि घन या अर्थांच्या शब्दांवरून. आपले शरीर तो कसा तयार करते, याचा उलगडा करणारे कोनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील कोलेस्टेरॉल पेशी कसे उचलतात आणि ते काम बिघडले की रक्तवाहिन्या कशा तुंबतात, हे दाखविणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली तोच मान मिळाला. सर्वसामान्य माणसाच्या कानी पोहोचली ती ही दुसरी कथा, रक्तवाहिन्यांची. मेंदूतील कथा प्रयोगशाळांच्या भिंतींआड राहिली.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या परस्परांना चिकटलेल्या नसतात. एका पेशीचे टोक आणि दुसरीचा आरंभ यांत एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातील एका भागाएवढे अंतर असते. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. निरोप पाठविणाऱ्या पेशीच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. विजेचा संकेत आला की पिशवी पेशीच्या पटलाला भिडते, त्याच्याशी एकरूप होते आणि तिच्यातील रसायन त्या फटीत सांडते. पलीकडच्या पेशीच्या पटलावर ते रसायन ओळखणारे ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसे रसायन ग्राहीत बसले की निरोप पोहोचतो. लोगस्स सूत्रातील एका नावामागून दुसरे नाव ओठांवर येते, ते अशा असंख्य सांध्यांवरील देवघेव सुरळीत चालते म्हणून.

या देवघेवीत कोलेस्टेरॉलचे काम तिहेरी आहे. पेशीचे पटल स्निग्ध द्रव्याच्या दोन थरांचे असते. त्या थरांत कोलेस्टेरॉलचे रेणू जागोजाग बसलेले असतात आणि पटल फार पातळ होऊ देत नाहीत, फार ताठरही होऊ देत नाहीत. हे पहिले काम. दुसरे काम पिशव्यांचे. त्यांच्या आवरणात कोलेस्टेरॉलचे प्रमाण मोठे असते, आणि एवढ्याशा पिशवीला लागणारा बाक येण्यात व तिच्या घडणीत त्याचा वाटा असतो. तिसरे काम ग्राहींचे. पटलात रुतलेला ग्राही आपला योग्य आकार धरून राहतो तो भोवतालच्या कोलेस्टेरॉलमुळेही. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी केंद्रात अमिताभ चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा दीर्घकाळ अभ्यास केला. मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन या रसायनाच्या एका ग्राहीभोवतीच्या पटलातून कोलेस्टेरॉल काढून घेतले तेव्हा रसायनाला धरून ठेवण्याची त्या ग्राहीची क्षमता घटली. कोलेस्टेरॉल परत घातल्यावर ती बऱ्याच अंशी परतली.

याच प्रयोगशाळेत पीएच.डी. केलेले थॉमस पुकाडिल पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत आले. पेशीच्या पटलातून पिशवी कशी खुडली जाते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. एकदा रिकामी झालेली पिशवी चेतापेशी टाकून देत नाही. पटलाचा तेवढा भाग आत ओढून, डायनॅमिन नावाच्या प्रथिनाने त्याची मान आवळून, नवी पिशवी तोडून घेतली जाते आणि पुन्हा भरली जाते. रिकामा बारदाना धुऊन पुन्हा वापरणाऱ्या दुकानदारासारखाच हा काटकसरीचा व्यवहार. पटल तोडणाऱ्या प्रथिनांवरील या कामासाठी पुकाडिल यांना २०१८ सालचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. मेंदूच्या पेशींचे बोलणे समजून घेण्याची एक पेढी अशी आपल्याच महाराष्ट्रात उघडलेली आहे.

नातीने हे सारे सांगितले तेव्हा बाबूजींच्या चेहऱ्यावर समाधान उमटले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच," ते म्हणाले.

"तुमची मागची ओळ बरोबर आहे, दादाजी. पुढची चुकली," ती म्हणाली. "तुम्ही दोन पेढ्यांचे हिशेब एकाच वहीत धरलेत."

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक अडसर घातलेला आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की निवडक पदार्थांनाच आत प्रवेश मिळतो. साखर व प्राणवायू जातात. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे मोठे कण जात नाहीत. परिणामी मेंदू रक्तातील कोलेस्टेरॉलवर अवलंबून नसतो. त्याला लागणारे जवळजवळ सारे कोलेस्टेरॉल तो स्वतःच तयार करतो. जन्माआधी आणि बालपणी हा कारखाना जोरात चालतो. त्यातील फार मोठा भाग चेतातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणात जातो. विजेच्या तारेवर वेष्टण असावे तसे हे आवरण. ते चांगले असेल तर संकेत वेगाने धावतो. मोठेपणी चेतापेशी स्वतः फारसे कोलेस्टेरॉल बनवीत नाहीत. त्यांच्या शेजारच्या ताऱ्याच्या आकाराच्या साहाय्यक पेशी ते बनवितात आणि अपोलिपोप्रोटीन ई नावाच्या वाहकावर लादून त्यांच्याकडे पोहोचवितात.

या शेजारधर्माचा पुरावा २००१ साली फ्रँक फ्रीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. काचपात्रात एकट्या वाढविलेल्या चेतापेशी जगत होत्या, पण त्यांच्यात सांधे फार थोडे तयार होत. साहाय्यक पेशींनी स्रवलेला द्रव घातला की सांधे भराभर वाढत. त्या द्रवातील गुणकारी घटक कोणता, याचा शोध घेता घेता हाती आले ते कोलेस्टेरॉल.

या पेढीची जावकही तितकीच बेताची. मेंदू कोलेस्टेरॉल मोडून टाकू शकत नाही. जास्तीचा अंश तो किंचित रूप बदलून, २४-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल या स्वरूपात, अडसरापलीकडे रक्तात सोडतो आणि पुढे यकृत त्याची विल्हेवाट लावते. प्रौढ माणसात ही जावक दिवसाला सहा-सात मिलिग्रॅमच्या आसपास असते. तीस-पस्तीस ग्रॅमच्या साठ्यातून एवढीच उलाढाल. मेंदूतील माल वर्षानुवर्षे गोदामातच राहतो. बाजारातील रोजच्या चढउताराशी त्याचा संबंध जवळपास नसतो.

मेंदूची स्वतःची निर्मितीच बिघडली तर काय होते, हेही वैद्यकाला ठाऊक आहे. स्मिथ-लेमली-ओपिट्झ नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक विकारात कोलेस्टेरॉल बनविण्याची शेवटची पायरी नीट पार पडत नाही, आणि अशी बालके बहुधा मतिमंदत्व व इतर व्यंगे घेऊन जन्मतात. नीमन-पिक सी या विकारात पेशीच्या आत कोलेस्टेरॉल नको तेथे साचून राहते आणि मेंदूचे कार्य क्रमाक्रमाने ढासळते. मेंदूला कोलेस्टेरॉल हवे, पण योग्य जागी आणि योग्य प्रमाणात हवे, हेच या दोन्ही विकारांतून दिसते.

मग ताटातले तूप कोठे जाते? ते जाते रक्ताच्या वहीत. तुपातील संपृक्त स्निग्धांश यकृताला रक्तातील वाईट समजले जाणारे, एलडीएल, कोलेस्टेरॉल वाढवायला लावतो. बाईंनी प्रेमाने घातलेल्या जास्तीच्या तुपातील कोलेस्टेरॉल अडसर ओलांडून बाबूजींच्या स्मृतीपर्यंत पोहोचणार नव्हते. त्याचा भार पडणार होता तो सात वर्षांपूर्वी उघडलेल्या रक्तवाहिनीवर.

हेच उलट बाजूनेही खरे आहे, आणि जैन कुटुंबांनी ते जाणून घ्यावे. आयंबिलाच्या ओळीत दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि तळलेले हे सारे विगय वर्ज्य असतात. धान्य-कडधान्यांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. तरीही आयंबिल करणाऱ्या तपस्व्याच्या मेंदूला कोलेस्टेरॉलची वाण पडत नाही, कारण शरीर दररोज सुमारे पाऊण ते एक ग्रॅम कोलेस्टेरॉल स्वतः निर्माण करते आणि मेंदूचा कारखाना तर स्वतंत्रच आहे. तूप सोडल्याने बुद्धी मंदावते ही भीती जितकी निराधार, तितकीच तूप वाढविल्याने बुद्धी वाढते ही आशाही निराधार.

राहिला प्रश्न गोळीचा. स्टॅटिन मुख्यतः यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मितीला आवर घालतात. त्यांतील काही थोड्या प्रमाणात मेंदूत पोहोचतात हे खरे आहे, आणि काही रुग्णांनी विस्मरणाची तक्रार केल्यावरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली गोळ्यांच्या माहितीपत्रकात तशी नोंद घालायला लावली; मात्र ही तक्रार सामान्यतः गंभीर नसते व गोळी थांबविल्यावर ओसरते, असेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. दुसऱ्या बाजूला, ७० ते ८२ वर्षे वयाच्या ५,८०४ वृद्धांवर स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पर या चाचणीत गोळी घेणाऱ्यांची स्मरणशक्ती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक खालावलेली आढळली नाही. इतकेच नव्हे, तर लॅन्सेट आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणे सांगितली, त्यांत मध्यम वयातील वाढलेल्या एलडीएल कोलेस्टेरॉलचा नव्याने समावेश केला. रक्तवाहिन्या तुंबल्या की मेंदूचाही रक्तपुरवठा कमी होतो. संदेशाने ज्या मेंदूची काळजी दाखविली होती, त्यालाच गोळी सोडण्याचा धोका होता.

नातीने शेवटी एकच प्रश्न विचारला. "दादाजी, विस्मरण उन्हाळ्यात सुरू झाले, गोळी तुम्ही चातुर्मासात सोडली. दोन महिन्यांत काही फरक पडला?"

बाबूजी बराच वेळ काही बोलले नाहीत. आदल्या संध्याकाळची ओसरीवरची शांतता त्यांना आठवली असावी. "नाही," ते म्हणाले. "उलट वाढले."

दुसऱ्याच दिवशी नात त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेली. रक्ताचा अहवाल आला. एकेकाळी सत्तरच्या खाली ठेवलेले एलडीएल दीडशेच्या घरात पोहोचले होते. हा झाला गोळी सोडल्याचा आणि तूप वाढविल्याचा हिशेब. विस्मरणाचे कारण दुसऱ्याच ओळीत होते. जीवनसत्त्व बी-१२ किमान हवे त्यापेक्षा कितीतरी खाली गेले होते.

वनस्पतिज आहारात बी-१२ जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाला ते मिळते दूध, दही, ताक यांतून. बाबूजी वर्षानुवर्षे एकासने, आयंबिल करीत. वय वाढले की आतड्यांकडून त्याचे शोषणही मंदावते, आणि मधुमेहासाठी ते अनेक वर्षे घेत असलेली मेटफॉर्मिन ही गोळी त्यात भर घालते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत जवळपास दोन-तृतीयांश पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. बी-१२ कमी पडले की चेतातंतूंवरील मायलिनची निगा राखली जात नाही. कोलेस्टेरॉलचा सर्वांत मोठा साठा ज्या आवरणात असतो तेच हे आवरण. मेंदूच्या गोदामात माल भरपूर होता. वेष्टणाची डागडुजी करणारा कारागीर कामावर येत नव्हता. पायांच्या मुंग्या, चालताना जाणारा तोल आणि विस्मरण या साऱ्यांचा उगम तेथे होता.

डॉक्टरांनी इंजेक्शने लिहून दिली. बाबूजींनी प्रथम विचारले, ते कशापासून बनते? औषधातील बी-१२ सूक्ष्म जिवाणूंच्या साहाय्याने तयार करतात, त्यासाठी प्राण्याची हत्या होत नाही, असे कळल्यावर त्यांचे समाधान झाले. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते, म्हणून पुढे कॅप्सूल न देता गोळी द्यावी, एवढी विनंती त्यांनी केली आणि ती मान्य झाली. कोलेस्टेरॉलची गोळी त्याच रात्रीपासून पुन्हा सुरू झाली.

परतीच्या वाटेवर धर्मापुरीचा जुना किल्ला आणि केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर मागे टाकून गाडी बाजारपेठेत शिरली, तेव्हा बाबूजी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आपल्या शास्त्रात सांगितलेच आहे. कोणत्याही गोष्टीचा विचार द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चारही अंगांनी करावा. मी द्रव्य तेवढे पाहिले. क्षेत्र पाहिलेच नाही."

त्यांच्या या एका वाक्यात साऱ्या प्रकरणाचे सार होते. कोलेस्टेरॉल हे द्रव्य एकच. मेंदूच्या क्षेत्रात ते पेशींच्या संवादाचा आधार. रक्तवाहिनीच्या भिंतीत ते साचलेला अडथळा. बाल्यकाळी मेंदू घडविण्यासाठी त्याची निर्मिती जोरात. उतारवयात रक्तातील त्याच्या पातळीवर करडी नजर हवी. ते चांगले की वाईट, या प्रश्नाला क्षेत्र आणि काल सांगितल्याखेरीज उत्तर नाही. अनेकांतवाद आपण व्याख्यानात ऐकतो आणि ओसरीवरच राहू देतो. मोबाइलवर आलेल्या अर्धसत्याला तपासण्याची ती रोजच्या वापरातली कसोटी आहे, हे आपल्याला क्वचितच सुचते. संदेशात लिहिलेले बहुतांशी खरे आहे, एवढ्याने तो आपल्यासाठी खरा ठरत नाही. कोणाच्या क्षेत्रात, कोणत्या काळी, कोणत्या अवस्थेत खरा, हे विचारावे लागते. आणि चालू औषध बंद करण्यापूर्वी ते डॉक्टरांना विचारावे लागते.

विस्मरण एकाएकी गेले नाही. पायांच्या मुंग्या प्रथम कमी झाल्या. दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत नावे आठवू लागली. औटकी काही पूर्वीसारखी झरझर येईना. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की फार दिवस दुर्लक्ष झालेले सारेच भरून येईल असे नाही. बाबूजींनी ते शांतपणे स्वीकारले. दुकानातील पट्टी आता मुलगा यंत्रावर करतो आणि बाबूजी ती एकदा नजरेखालून घालतात. बाई फुलक्यावर पूर्वीइतकेच तूप घालतात आणि रोज दुपारी ताकाचा पेला न विसरता पुढे ठेवतात.

पुढच्या वर्षीच्या संवत्सरीला ओसरीवर पुन्हा सारे जमले. बाबूजींनी प्रतिक्रमण म्हटले. पण या वेळी त्यांच्यापुढे पुस्तक उघडे होते आणि शेजारी नात बसली होती. विमलनाथांपाशी त्यांनी क्षणभर पानावर नजर टाकली आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांना खमतखामणा करून झाल्यावर त्यांनी मुलगा, सून आणि बाई यांना गादीजवळ बोलावले आणि गोळ्या लपविल्याबद्दल हात जोडून वेगळी क्षमा मागितली. मग गल्ल्याचा मागचा खण पूर्ण बाहेर ओढून सर्वांना दाखविला. तो रिकामा होता.